ईरम्मानं पाणी घातलेला खांब

सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या त्या गल्लीनं धोंडिराम गायकवाडला आधी डोक्यावर घेतलं आणि मग पायाखाली घेतलं. दोन्ही वेळेला कारण एकच होतं, त्याच्या मागच्या अंगणातला खांब.

खांब म्हणजे तीन लोखंडी पाइप एकावर एक जोडून उभा केलेला मनोरा, आजूबाजूच्या सगळ्या घरांपेक्षा उंच. टोकाला ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना, माशाच्या काट्यासारखा दिसणारा. पोरांना वाटायचं हा पतंग अडकवायलाच उभा केलाय. बायका म्हणायच्या, ह्या माणसाला टीव्ही दिसत नाही की काय म्हणून एवढ्या उंच जायची वेळ आली? धोंडिराम बिचारा ज्याला त्याला समजावून सांगायचा. ह्याला हौशी रेडिओ म्हणतात, सरकारची परीक्षा दिलीय, परवाना भिंतीवर टांगलाय, आणि घरात बसून मी केरळातल्या माणसाशी बोलतो, ओमानमधल्या माणसाशी बोलतो. त्यावर लोक म्हणायचे, मोबाइलवरनं बोलता येतं की. ह्याला धोंडिरामकडं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जगातल्या कुठल्याच हौशी रेडिओवाल्याकडं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं तिला कारणही नसतं.

नोकरी त्यानं होटगी जंक्शनला केली, रेल्वेच्या सिग्नल-टेलिफोन खात्यात. रुळाकडेच्या तारा जोडत, तापलेल्या खडीवर उकिडवं बसून उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाला तेव्हा कातडी काळी ठिक्कर आणि स्वभाव सरळसोट. तो इतका सरळसोट, की कुणाला परवडू नये. रेडिओवर अशी रीत आहे, की गाठ पडली की एकमेकांचा आवाज कसा येतोय ते आकड्यात सांगायचं. सभ्य माणसं समोरच्याला सगळे मार्क देऊन टाकतात. आपलं काय जातंय? धोंडिराम देत नसे. आवाज फाटका आला तर फाटकाच सांगायचा. ओमानचा गडी एकदा चिडून म्हणाला होता, गायकवाडसाहेब, एवढ्या लांबनं हाक मारतोय, खोटं का होईना गोड बोला. धोंडिराम म्हणाला, मग हाक कशाला मारायची? असा माणूस. अशा माणसावर खोटं बोलायची पाळी यावी आणि तीही असली, म्हणजे नशिबानं दात विचकणंच झालं.

शेजारी रेवणसिद्ध. गल्ली त्याला रेवण म्हणायची. दोघांच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत, आणि ती भिंत नुसती नावाला. रेवण सूत रंगवायचा. आधी लोकांच्या रंगखात्यात, नंतर मागच्या अंगणातच त्यानं पिंपं आणि चूल मांडली. टॉवेल-चादरींचं सूत त्याच्याकडं पांढरं यायचं आणि पोपटी, राणी, निळं होऊन जायचं. रंगाची त्याला अशी नजर होती, की दोन लडी नुसत्या बोटांत चोळून सांगायचा, ही सकाळच्या पिंपातली आन ही दुपारच्या. तरुणपणी गड्ड्याच्या यात्रेत तो नंदीध्वजाची काठी पेलायचा. कमरेच्या पट्ट्यात बुड टेकवून तेवढी उंच काठी एकट्यानं तोलत चालणं म्हणजे गंमत नव्हे. म्हणून तर खांब उभा करायच्या दिवशी धोंडिरामनं क्रेनबिन काही बोलावली नाही. रेवणला हाक मारली.

खांब उभा राहतो तो पाइपाच्या जिवावर नव्हे, ताणाच्या. तीन बाजूंनी तीन पोलादी तारा, तिन्ही सारख्या आवळलेल्या, तर खांब सरळ. एक ताण धोंडिरामच्या स्लॅबला, दुसरा अंगणातल्या लोखंडी खुंटाला. तिसऱ्याला जागाच नव्हती, रेवणच्या घरावर गेल्याशिवाय. रेवणनं विचारायचीसुद्धा वेळ येऊ दिली नाही. त्याचा स्लॅब पडत होता तेव्हा ओल्या सिमेंटात त्यानं स्वतःच्या हातानं लोखंडी कडं रोवलं आणि वरून हाक मारली, "धोंड्या, तुजा खांब आता माज्या घराला बांदला बग. तू पडला तर मीबी पडनार." उभा करताना बुडाशी रेवण होता, पट्टा बांधून, आणि नंतर तिसऱ्या ताणाची दोरीही त्यानंच ओढली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. रेवणच्या बायकोनं, ईरम्मानं, खांबाला हळदकुंकू लावलं, आणि ते काढून टाकायची धोंडिरामची छाती झाली नाही.

ईरम्मा अक्कलकोटच्या पलीकडची, माहेर कानडी. धोंडिरामला ती अण्णा म्हणायची आणि राखी बांधायची. खांबाशी तिचं जे नातं जमलं ते मात्र पाण्यामुळं. उंच खांब म्हटला की विजेचं भय. म्हणून बुडाशी खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ घालून तांब्याची कांब पुरतात, म्हणजे वीज पडली तर जमिनीत जिरते. पण ती जमीन ओली राहायला हवी, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ओली जमीन कुठनं आणायची? इथं नळाला पाणी यायची मारामार. एकदा धोंडिराम सहज म्हणाला, "ईरम्मा, धुण्याचं शेवटचं पाणी गटारात नको टाकू, ह्या खड्ड्यात टाक." झालं. त्या दिवसापासनं ती रोज रेवणचे रंगानं बरबटलेले कपडे हातानं चोळून धुवायची, आणि शेवटची बादली भिंतीवरनं खड्ड्यात ओतायची. कधी निळं पाणी, कधी राणी. ओतून झालं की हाक द्यायची, "अण्णा, तुमच्या खांबाला पानी घातलं बरं का." जसं काही तुळसच ती. वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

आणि मग ईरम्माला कॅन्सर निघाला.

सांगून येत नाही हे खरं, पण आला तोही असा चोरपावलांनी, की कळेपर्यंत आत पसरून बसला होता. दवाखाना झाला, औषधं झाली, केस गेले. हसती-बोलती बाई पुढच्या खोलीतल्या खाटेवर पडून राहायला लागली. रेवणनं पिंपं पालथी घातली आणि चूल थंड केली. तो उशाला बसून असायचा, नाहीतर मागच्या अंगणात येऊन खांबाकडं बघत राहायचा.

खांबाकडं का, तर गल्लीनं त्याला बघायला शिकवलं होतं. इंद्रजीत नावाचा एक मंडळाचा पोरगा होता, त्याच्या मोबाइलवर कुठनंतरी एक व्हिडिओ आला: टॉवरच्या लहरींनी माणसाच्या रक्तात काय काय होतं. तो व्हिडिओ मोबाइल कंपन्यांच्या टॉवरचा होता आणि त्यातही शेंडा-बुडखा नव्हता, पण एवढं कोण बघतो? आमच्या गल्लीत टॉवर आहे, टॉवरशेजारच्या घरात कॅन्सर आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. वर कुणीतरी ते पाणी आठवलं. अगं बाई, रोज ओल्या हातानं पाणी घालायची की ती त्याच्या बुडाशी. पाण्यातनंच चढलं असणार. बस, पराचा कावळा झाला आणि गल्लीभर उडायला लागला.

रेवण एका सकाळी धोंडिरामच्या ओट्यावर आला. बसला नाही.

"धोंड्या, खांब उतरव."

धोंडिरामनं त्याला समजावून सांगितलं. आणि इथंच त्याचं चुकलं. माझा रेडिओ बल्बाएवढी वीज खातो, आठवड्यातनं रविवारचा तेवढा चालतो, ह्या लहरींनी कॅन्सर झाल्याचं कुठं सिद्ध झालेलं नाही, आणि त्या खड्ड्यात करंट नसतोच मुळी, तो वीज पडली तर जिरवायला आहे. शब्द न शब्द खरा. पण समोर माणूस बायको चाललीय म्हणून उभा आहे, आणि हा त्याला वॉट सांगतोय. बरोबर असायची खोड लई वाईट.

रेवणनं सगळं ऐकून घेतलं. "तुला ईरम्मापेक्षा त्यो पाइप मोटा," एवढंच म्हणाला आणि गेला.

दुपारभर धोंडिराम अंगणात बसून होता. त्याची बायको नागूबाई आतून म्हणाली, "अवं, काडून टाका की ते. मानसापरीस काय लोकंड जास्ती हाय?" हे त्यालाही कळत होतं. खांब उतरवला तर गल्ली म्हणणार, बघा, चोराच्या मनात चांदणं. म्हणू दे. रेवणला रात्रीची झोप लागत असेल तर म्हणू दे. त्यानं पान्हे काढले, तार आवळायच्या स्क्रूंमध्ये तेल सोडलं, आणि संध्याकाळी ईरम्माला सांगायला गेला. तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं.

रेवण औषधं आणायला गेला होता. ईरम्मा डोक्याला ओढणी गुंडाळून पडली होती. धोंडिराम स्टुलावर बसला आणि म्हणाला, "उद्या खांब उतरवतो गं. रेवणला सांग, आता राग सोड."

ईरम्मा उठून बसायला गेली, ते जमलं नाही. मग पडूनच तिनं त्याचं मनगट धरलं.

"अण्णा, बेडा. काडू नका."

"अगं, त्यालाच नको हाय."

"त्येंना नको हाय म्हनूनच ऱ्हाऊ द्या." दम लागत होता, थांबून थांबून बोलत होती. "डॉक्टरनं मला एकटीला इचारलं. घरात रंगाचं काम हाय का? त्ये कपडे कोन धुतं, हातानं धुतं का? म्हनले, खात्रीनं सांगता येत न्हाय, पन जुन्या रंगांनी असं झालेलं हाय. ह्ये तवा खाली औषदाच्या दुकानात हुते. मी डॉक्टरच्या पाया पडले, म्हनलं ह्येंच्यासमोर पुन्ना काडू नका."

मागच्या अंगणातल्या पालथ्या पिंपांवरचे रंगाचे ओघळ धोंडिरामच्या डोळ्यांपुढं आले.

"रंग घरी आनायचं त्येंनीच ठरिवलं अण्णा. मी नको म्हनले हुते. वास सोसवत न्हाय म्हनले हुते. त्ये म्हनले, लोकाच्यात मरन्यापरीस आपल्या घरी काम करू." ती जरा थांबली. "आता त्येंनी तुमच्या खांबाला धरलंय. धरू द्या. राग हाय तवर मानूस उबा ऱ्हातो. खांब उतरवला आन मी बरी झाले न्हाय, तर त्ये दुसरं कारन हुडकतील. रंगापाशी पोचाया येळ लागायचा न्हाय. मग त्ये कुटं जातील? त्या पिंपात जीव देतील त्ये."

"ईरम्मा, मला हे जमायचं न्हाय."

"मी गेल्यावर त्ये तुमाला इचारतील. चारचौगात इचारतील, मला ठावं हाय. तवा न्हाय म्हनू नका. खांबानं झालं म्हना." तिनं मनगट सोडलं नाही. "राखीचं कदी कायबी मागितलं न्हाय मी. ह्ये द्या."

धोंडिराम घरी आला आणि पान्हे परत पेटीत ठेवले. नागूबाईनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "उतरवायचा न्हाय." का, हे सांगता येईना. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं ते लचांड, आणि ते एकट्यानंच छातीशी धरून बसायचं.

त्यानंतरचे महिने त्यानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. किराणा दुकानात तो आला की बोलणी बंद व्हायची. पिठाच्या गिरणीत नागूबाईचा डबा शेवटाला जायला लागला. कुणी दारात शेण टाकलं, कुणी खांबावर दगड मारले. वड्याचं तेल वांग्यावर काढायला गल्लीला वांगं मिळालं होतं. इंद्रजीत चार जणांना घेऊन आला तेव्हा धोंडिराम दारात उभा राहून परवाना दाखवत म्हणाला, "कायद्यानं हाय, उतरवनार न्हाय," आणि बोलताना त्याला स्वतःचीच किळस आली. नागूबाई सगळ्या बाजूंनी खचली. एक दिवस ती चुलीपुढं बसून म्हणाली, "तुमच्या काळजाला गंज चढलाय का वं? माजी मैतरीन मरतीया, आन मला तिच्या दारात उबं ऱ्हायला तोंड न्हाय." सांगितलं असतं तर नागूबाईनं जीव गेला तरी बाहेर काढलं नसतं, पण तिचा चेहरा आरसा होता. रेवणनं एकदा बघितलं असतं तरी ओळखलं असतं.

रेडिओ त्यानं चालूच केला नाही. रविवार आले आणि गेले. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्यावरनं मन उडालं. खांब तेवढा उभा, आणि तो शिव्या खायला.

चैत्र सरला आणि ऊन असं पडायला लागलं, की तारा लांबल्या. थंडीत आवळलेला ताण उन्हाळ्यात सैल पडतो, दरवर्षी तो पुन्हा आवळावा लागतो. दोन ताण धोंडिरामनं आवळले. तिसरा रेवणच्या स्लॅबवर, आणि तिथं त्याला पाय ठेवायची सोय नव्हती. त्यानं भिंतीवरनं हाक मारली, "रेवण, तेवढा ताण आवळू दे, वारं सुटायचे दिवस हायत." रेवण वर गेला, कड्यातनं तार सोडवली आणि तिचं भेंडोळं धोंडिरामच्या अंगणात फेकलं. "आता माज्या घराला कायबी बांदायचं न्हाय," म्हणाला. धोंडिरामनं ती तार स्वतःच्या पाण्याच्या टाकीखालच्या कठड्याला गुंडाळली. कोन चुकीचा, ओढ चुकीची, पण दुसरी जागा कुठं होती?

आणि दोन दिवसांनी, भर दुपारी, वळीव आला. आधी धुळीची भिंत, मग वारा असा, की पत्रे खडखडायला लागले. टाकीचा कठडा करकरला आणि तिसरी तार लोंबली. खांब झुकायला लागला. कुणीकडं? वाऱ्याच्या रोखानं, रेवणच्या घराकडं. त्याच्या पुढच्या खोलीवर अजून पत्राच होता, आणि त्या पत्र्याखाली ईरम्मा होती.

धोंडिराम धावला. सुटलेली तार त्यानं कमरेभोवती गुंडाळली, खुंटाला पाय लावला आणि मागं रेलला. हातातनं तार सरकली तशी तळव्याची सालटी गेली. वरनं गारा पडत होत्या. सोडलं तर संपलं, एवढं एकच डोक्यात होतं. साठी उलटलेला माणूस, पण त्याला खांब वाचवायचा नव्हता, पडू नये एवढंच हवं होतं. मान वळवली तर रेवण मागच्या दारात उभा. बघत होता. त्याला दिसलं ते एवढंच, की हा माणूस आपल्या लोखंडाला कवटाळून बसलाय. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. धोंडिरामला तेव्हा रडू फुटलं, मोठ्यानं, आणि वाऱ्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

वारा उतरला. खांब कलला होता, पण उभा होता.

ईरम्माला धोंडिराम शेवटचा भेटला ते रेवण डोळा लागून बसल्या जागी झोपला होता तेव्हा. नागूबाईनंच त्याला मागच्या दारानं आत ढकललं होतं. ईरम्माच्या अंगात काही उरलं नव्हतं. तिनं त्याच्या फडकी बांधलेल्या हातांकडं बघितलं आणि विचारलं, "खांबाला पानी कोन घालतंय?"

"मी घालतो की."

घालत नव्हता. तो घरी आला, बादली भरली आणि खड्ड्यात ओतली. पाण्याला रंग नव्हता.

दोन दिवसांनी ती गेली. त्यांच्यात पुरायची रीत. तिला माती द्यायला सगळी गल्ली गेली, धोंडिरामही गेला. तो जिथं उभा राहील तिथनं माणसं सरकायची. खड्ड्यात मूठभर माती टाकताना कुणी त्याला अडवलं नाही, हाच उपकार. परत आल्यावर माणसं रेवणच्या दारासमोर पाय धुवायला थांबली होती, आणि रेवण त्या गर्दीतनं सरळ धोंडिरामपुढं येऊन उभा राहिला. डोळे कोरडे. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं.

"धोंड्या, तू खोटं बोलत न्हाईस. आक्की पेठ जानती. म्हनून एकच इचारतो. तुज्या खांबानं मेली का माजी बायकू? न्हाय म्हन. तू न्हाय म्हनला तर मी मानीन. पुन्ना नाव काडनार न्हाय."

ह्याची तयारी धोंडिरामनं केली नव्हती. शिव्यांची केली होती, माराची केली होती. हा गडी विश्वास घेऊन आला होता. एक अक्षर बोलायचं आणि नाव धुऊन निघणार होतं, नागूबाईला गिरणीत पुढं जाता येणार होतं, जुना मित्र परत मिळणार होता. आणि मग तो मित्र घरी जाऊन, रिकाम्या खाटेच्या उशाशी बसून, विचार करणार होता: खांबानं नाही, तर कशानं? मागच्या दारात पालथी पिंपं होतीच.

ओमानच्या माणसाला ज्यानं कधी एक मार्क फुकट दिला नाही, तो माणूस रेवणच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "व्हय. खांबानंच."

गर्दीतनं कुणीतरी थुंकलं. नागूबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती घरात निघून गेली. रेवणनं नुसतं मान खाली घालून "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार आणि फावडं घेऊन आला. खांब उतरवताना एक तार हळूहळू सोडायची असते आणि बाकीच्यांनी तोल धरायचा असतो. तिसऱ्या ताणाला दोरी बांधून ती रेवणनंच धरली. त्याला वाटलं असतं तर सोडून दिली असती. खांब अंगणात आपटून तुकडे झाले असते, आणि कुणी त्याला बोल लावला नसता. पण काठी पेललेले हात ते. हात हात मागं जात त्यानं ती दोरी अशी सोडली, की खांब आवाज न करता आडवा झाला. भिंतीपलीकडं गल्ली जमून बघत होती.

"आता कांब काडू," रेवण म्हणाला. "मुळासकट जायला पायजे."

धोंडिराम आडवा आला. "ती ऱ्हाऊ दे. तिचा काय तरास न्हाय. मी काडतो नंतर."

रेवणनं ऐकलं नाही. फावडं घातलं. वरची धूळ निघाली, कोळसा निघाला, आणि त्याखालची माती लागली. ती माती मातीच्या रंगाची नव्हती. पोपटी होती, खाली राणी, खाली गर्द निळी, थरावर थर. किती वर्षांच्या बादल्या त्या.

"गंज हाय तो," धोंडिराम घाईनं म्हणाला. "तांब्याचा. तांबं जमिनीत असं उतरतं." एकदा खोटं बोलल्यावर दुसरं पटकन येतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

रेवण गुडघ्यांवर बसला. पोपटी मातीचं एक ढेकूळ त्यानं उचललं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळलं, जसं सूत चोळायचा तसं. नाकाशी नेलं. मग निळं उचललं. ज्या माणसाला सकाळचं पिंप आणि दुपारचं पिंप बोटांनी कळत होतं, त्याला स्वतःचा रंग कळायला किती वेळ लागणार? त्याचा हात थांबला. भिंतीपलीकडची पालथी पिंपं, मग भिंत, मग हा खड्डा, असं त्यानं एकदा बघितलं. धोंडिराम त्याच्याकडं बघू शकला नाही.

भिंतीवरनं इंद्रजीत ओरडला, "काका, काय निगालं?"

रेवणनं हातातलं निळं ढेकूळ मुठीत चुरडलं.

"गंज हाय," शेवटी म्हणाला. "तांब्याचा."

आणि फावडं बाजूला ठेवून त्यानं ती माती दोन्ही हातांनी खड्ड्यात लोटायला सुरुवात केली. धोंडिराम समोर येऊन बसला आणि सोललेल्या हातांनी तोही लोटायला लागला. गल्ली पांगली. दोघांचे हात कोपरापर्यंत रंगले होते.

"तिला ठावं हुतं का रे?" रेवणनं विचारलं. वर न बघता, इतक्या हळू, की खांब उभा असता तरी अँटेनानं तो आवाज पकडला नसता.

धोंडिरामनं त्याच्याकडं बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला. "तिला कायबी ठावं नव्हतं."

रेवणनं मान हलवली, आणि उरलेली माती तो तळहातानं दाबत राहिला.